लिनक्सच्या संगणकाला जास्तीच्या डिस्क जोडायच्या असतील, तर कंट्रोलर कार्ड कोणते घ्यावे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर ही अट मात्र कायम ठेवली. त्यामुळे चांगले चालणारे, पण या अटीत न बसणारे डेस्कटॉप ठिकठिकाणी मोकळे झाले. नौपाड्यातील फोटो स्टुडिओ, वाशीतील सीएंची कार्यालये, घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांची कार्यालये अशा ठिकाणी या संगणकांवर डेबियन, उबुंटू, ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस यांपैकी एखादी मुक्त-स्रोत प्रणाली टाकून त्यांचा फाइल सर्व्हर करावा, हा विचार पुढे येतो आणि तो विचार योग्यच आहे. अडचण येते ती डिस्क जोडताना. साध्या मदरबोर्डवर चार किंवा सहा साटा पोर्ट, म्हणजे डिस्कची केबल लावायच्या खोबणी, असतात, त्यांतले एखाद-दुसरे पोर्ट एम.२ डिस्क (मदरबोर्डवर थेट बसणारी पट्टीसारखी डिस्क) बसवल्यावर बंद होते, आणि मग जास्तीच्या डिस्कसाठी वेगळे कार्ड घ्यावे लागते. बाजारात अशी कार्डे ढिगाने मिळतात. त्यांतले एखादे लिनक्सला दिसतच नाही, दुसरे दिसते पण महिन्याभराने डिस्क अधूनमधून गायब करू लागते, आणि तिसरे वर्षानुवर्षे तक्रारीविना चालते. बाहेरून तिन्ही सारखीच वाटतात, म्हणून त्यांच्यातला फरक आधीच समजून घेतलेला बरा.

कार्ड नेमके काय करते

डिस्क आणि प्रोसेसर एकमेकांशी थेट बोलत नाहीत. दोघांच्या मध्ये एक चिप असते आणि तिला कंट्रोलर म्हणतात. 'अमुक जागेवरची माहिती दे' ही प्रोसेसरची मागणी ती डिस्कपर्यंत पोहोचवते आणि आलेले उत्तर मेमरीत नेऊन ठेवते. मदरबोर्डवर असा एक कंट्रोलर आधीपासून असतोच, आणि आपण विकत घेतो ते कार्ड म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसणारा आणखी एक कंट्रोलर.

या चिपशी कसे वागायचे हे ऑपरेटिंग सिस्टिमला ठाऊक असावे लागते, आणि ते ज्ञान ज्या छोट्या प्रोग्रॅममध्ये असते त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजमध्ये ड्रायव्हर बहुधा उत्पादकाकडून येतो, मग तो सीडीवर असो वा संकेतस्थळावर. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, समाविष्ट असतात. लिनक्ससाठी कार्ड निवडण्याचे सगळे शास्त्र या एका फरकातून निघते.

साध्या साटा कार्डांच्या बाबतीत आपले नशीब चांगले आहे. इंटेलच्या पुढाकाराने २००४ साली एएचसीआय नावाचे एक मानक आले आणि साटा कंट्रोलरने प्रणालीशी कसे वागावे हे त्यात ठरवून दिले गेले. जी चिप हे मानक पाळते तिला स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही, कारण एएचसीआयचा एकच ड्रायव्हर लिनक्समध्येही आहे आणि फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त-स्रोत प्रणालीमध्येही. एएसमीडियाच्या एएसएम १०६४ व एएसएम ११६६ आणि जेमायक्रॉनची जेएमबी ५८५ या चिपा याच गटातल्या आहेत. दोन ते सहा डिस्क जोडायच्या असतील तर यांपैकी एखादी चिप असलेले कार्ड पुरते आणि ड्रायव्हरची चिंता उरत नाही.

डब्यावर 'लिनक्स सपोर्टेड' लिहिले आहे, तेवढे पुरेसे नाही का?

दुकानातला संवाद बहुतेक वेळा असा होतो. "दादा, हे लिनक्सवर चालेल ना?" असे विचारले की "चालेल हो साहेब, डब्यावरच लिहिलंय बघा," असे उत्तर येते. दुकानदार खोटे बोलत नसतो. डब्यावर ते खरोखरच छापलेले असते. मात्र त्या छापील ओळीचे दोन अगदी वेगळे अर्थ होऊ शकतात.

पहिला अर्थ असा की या चिपचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये आहे. कार्ड लावले, संगणक सुरू केला आणि डिस्क दिसल्या, एवढ्यावर काम संपते. दुसरा अर्थ असा की उत्पादकाने कधीतरी, तेव्हाच्या एखाद्या कर्नलसाठी, स्वतःचा ड्रायव्हर तयार केला होता आणि तो सीडीवर दिलेला आहे. हा दुसरा प्रकार धोक्याचा आहे, आणि त्याचे कारण लिनक्सच्या रचनेत आहे. लिनक्सचे विकसक कर्नलच्या आतल्या जोडण्या हव्या तेव्हा बदलतात, त्या स्थिर ठेवण्याचे वचन ते देत नाहीत, आणि हे धोरण त्यांनी कर्नलच्या दस्तऐवजात उघडपणे लिहून ठेवले आहे. असा बदल करणाऱ्या विकसकाने त्यामुळे बाधित होणारे कर्नलमधले सगळे ड्रायव्हर स्वतःच दुरुस्त करायचे, अशी तिथली रीत आहे. कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरची जबाबदारी मात्र कोणावरच नसते. परिणामी, आज चालणारे कार्ड उद्याच्या नेहमीच्या अपडेटनंतर बंद पडू शकते, आणि उत्पादकाने नवा ड्रायव्हर काढला नाही तर जुन्या, सुरक्षेची ठिगळे न मिळणाऱ्या कर्नलवर अडकून राहण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

म्हणून दुकानात प्रश्न बदलून विचारावा. 'लिनक्सवर चालेल का' असे विचारण्यापेक्षा 'यावर चिप कोणती आहे' असे विचारावे. ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून किमान परत करण्याची मुभा लिहून घ्यावी.

चिप कशी ओळखायची

कार्ड हातात घेऊन पाहिले तर मधोमध काळी चौकोनी चिप असते आणि तिच्यावर बारीक अक्षरांत उत्पादकाचे नाव व क्रमांक कोरलेला असतो. प्रकाश तिरपा पाडला की ती अक्षरे नीट वाचता येतात. बऱ्याच कार्डांवर चिपेवर उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा चिकटवलेला असतो आणि तो काढून पाहणे इष्ट नसते. अशा वेळी कार्डाच्या नावावरून किंवा डब्यावरच्या चित्रावरून निष्कर्ष काढू नये, कारण तेच नाव आणि तेच चित्र ठेवून आतली चिप बदलल्याची उदाहरणे स्वस्त कार्डांमध्ये नेहमी आढळतात.

खात्रीचा मार्ग म्हणजे कार्ड एखाद्या संगणकात बसवून, पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, खुद्द चिपलाच तिची ओळख विचारणे. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा एनएन आणि के या लहान अक्षरांच्या पर्यायांसह दिली की प्रत्येक उपकरणाची एक ओळ उमटते आणि तिच्यात चौकोनी कंसात दोन चार-अंकी संकेत दिसतात. पहिला संकेत उत्पादकाचा असतो आणि दुसरा चिपचा. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा संकेत घेतला, कारण तो त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचा क्रमांक होता. एएसमीडियाचा संकेत १बी२१ आहे, जेमायक्रॉनचा १९७बी, मार्व्हेलचा १बी४बी आणि एलएसआयचा १०००. कंसात १०००:००७२ दिसले, तर ती एलएसआयची एसएएस २००८ चिप आहे, मग कार्डावर नाव कोणाचेही छापलेले असो. त्याच उत्तरात खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ येते. तिथे ड्रायव्हरचे नाव असेल, तर कर्नलने चिप ओळखली आहे. ही ओळच नसेल, तर त्या प्रणालीत त्या चिपसाठी ड्रायव्हर नाही आणि डब्यावरच्या मजकुराला काही अर्थ उरत नाही.

ही तपासणी करताना पुढे जी प्रणाली वापरायची आहे तीच पेन ड्राइव्हवर असावी, हा आग्रह मी मुद्दाम धरतो. 'लिनक्स' हे एकच नाव असले तरी वितरकानुसार कर्नलमधले ड्रायव्हर कमीजास्त असतात. रेड हॅट या वितरक कंपनीने २०१९ साली आलेल्या आपल्या प्रणालीच्या आठव्या आवृत्तीत एसएएस २००८ सारख्या जुन्या चिपांचा पाठिंबा आपल्या कर्नलमधून काढून टाकला, पण मूळ लिनक्स कर्नलमध्ये आणि डेबियनमध्ये तो तसाच राहिला. त्यामुळे डेबियनवर विनातक्रार चालणारे कार्ड रेड हॅटवर दिसतच नाही, असे घडू शकते. ट्रूनॅसमध्येही हा भेद आहे, कारण त्याची कोअर ही आवृत्ती फ्रीबीएसडीवर आधारलेली आहे आणि स्केल (२०२५ पासून 'कम्युनिटी एडिशन') ही डेबियनवर. एलएसआयच्या चिपांसाठी लिनक्समध्ये एमपीटी३एसएएस हा ड्रायव्हर असतो, तर फ्रीबीएसडीमध्ये पिढीनुसार एमपीएस किंवा एमपीआर.

हुशार कार्ड घ्यावे की साधे?

महागडे ते चांगले ही आपली स्वाभाविक समजूत इथे दिशाभूल करते. डिस्क जोडणारी कार्डे मुख्यतः तीन प्रकारची असतात. साधे साटा कार्ड आपण पाहिले. दुसरा प्रकार होस्ट बस अ‍ॅडॉप्टर म्हणजे एचबीए. हे सर्व्हरसाठी बनवलेले कार्ड असते. त्याला सॅस (सर्व्हरमध्ये वापरला जाणारा डिस्कचा प्रकार) आणि साटा या दोन्ही प्रकारच्या डिस्क जोडता येतात (साटा कंट्रोलरला मात्र सॅस डिस्क चालत नाहीत), आणि प्रत्येक डिस्क ते जशीच्या तशी प्रणालीसमोर ठेवते. तिसरा प्रकार रेड (इंग्रजीत RAID) कार्ड. हे अनेक डिस्क एकत्र करून, एकीतली माहिती दुसरीत राखून, प्रणालीला त्या सगळ्यांची मिळून एकच मोठी डिस्क असल्याचे दाखवते. त्यावर स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि कधी बॅटरीही असते.

आता दुसरी बाजू पाहू. झेडएफएस ही फाइल प्रणाली, म्हणजे डिस्कवर फाइली कशा ठेवायच्या हे सांभाळणारी व्यवस्था, सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ साली मुक्त-स्रोत म्हणून खुली केली, आणि आज ओपनझेडएफएस या रूपात ती लिनक्स व फ्रीबीएसडी दोन्हींवर चालते. ट्रूनॅसचा पायाच ती आहे. डिस्कवर लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याची एक पडताळणी-संख्या ती वेगळी जपून ठेवते. वाचताना ही संख्या जुळली नाही, तर तो तुकडा खराब झाला असे ती ठरवते, दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत शोधते, ती आपल्याला देते आणि खराब जागी पुन्हा लिहून दुरुस्तीही करते. हे सगळे जमण्यासाठी तिला प्रत्येक डिस्क वेगळी दिसावी लागते.

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत एखादा व्यापारी दहा पोती स्वतः उघडून, मुठीत धान्य घेऊन पाहतो, आणि दुसरा अडत्याच्या वहीतला 'माल चांगला' हा शेरा पाहून पैसे मोजतो. झेडएफएस पहिल्या व्यापाऱ्यासारखी आहे. तिच्यापुढे रेड कार्ड ठेवले म्हणजे पोती गोदामात राहतात आणि तिला फक्त वही मिळते. माल खराब आहे हे तिला पडताळणीत कळते, पण बदलून घ्यायला दुसरे पोते तिच्या नजरेसमोर नसते.

म्हणून झेडएफएस वापरायची असेल, किंवा डिस्कांचा समूह सांभाळणारी लिनक्सची स्वतःची एमडी-रेड किंवा बीटीआरएफएस ही सोय वापरायची असेल, तर कार्ड जितके कमी करील तितके चांगले. आलेली माहिती पुढे पोहोचवणे, डिस्कचे खरे नाव, अनुक्रमांक व तब्येत न लपवणे आणि मध्ये काही न साठवणे, एवढेच त्याचे काम असावे. तिन्ही प्रकारांची उपयुक्तता तोलून पाहिल्यावर माझे मत स्पष्ट आहे. मुक्त-स्रोत फाइल सर्व्हरसाठी सहा डिस्कपर्यंत एएचसीआय कार्ड घ्यावे, त्याहून अधिक डिस्कसाठी एचबीए घ्यावा, आणि रेड कार्ड आधीच हाताशी असले तरी ते बाजूला ठेवावे.

'पण रेड कार्डाला कॅश (तात्पुरती साठवण-मेमरी) आणि बॅटरी असते, मग ते जास्त सुरक्षित नाही का?'

हा आक्षेप अनुभवी लोकांकडून येतो आणि तो पोकळ नाही. जुन्या धाटणीच्या फाइल प्रणाली आहे त्या जागेवरच माहिती बदलतात. लिहिणे अर्धवट असताना वीज गेली तर डिस्क-समूहातल्या प्रती एकमेकींशी जुळेनाशा होतात. बॅटरी असलेले कार्ड ते अर्धवट लिखाण धरून ठेवते आणि वीज आल्यावर पूर्ण करते. झेडएफएसचा मार्ग वेगळा आहे. ती जुन्या माहितीवर कधीच लिहीत नाही, नवी माहिती नव्या जागी लिहिते, आणि ती पूर्ण झाल्यावरच नोंद बदलते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी आधीची सुसंगत स्थिती शाबूत असते. बॅटरीने सोडवायचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. उलट कार्डाची कॅश 'लिहून झाले' असे सांगून माहिती स्वतःजवळ ठेवते आणि तिची बॅटरी जुनी झालेली असेल, तर झेडएफएसची सगळी शिस्त ज्या भरवशावर उभी आहे तो भरवसाच मोडतो.

रेड कार्डावर ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल प्रणाली वापरणे ही जुनी आणि चालणारी पद्धत आहे, हे मान्य करायला हवे. मात्र त्यात कार्ड जळाले, तर माहिती परत मिळवण्यासाठी बहुधा त्याच घराण्यातले दुसरे कार्ड शोधावे लागते, कारण डिस्कवरची मांडणी त्या उत्पादकाची खासगी असते. एचबीए जळाला तर दुसरा कोणताही एचबीए लावावा, किंवा डिस्क साटा असतील तर त्या सरळ मदरबोर्डच्या पोर्टांना जोडाव्यात. झेडएफएसची सगळी ओळख डिस्कवरच लिहिलेली असल्याने समूह पुन्हा उभा राहतो. छोट्या कार्यालयाला सुटा भाग लगेच मिळत नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने हा फरक बाकी सगळ्या मुद्द्यांहून मोठा आहे.

रेड कार्डावर प्रत्येक डिस्कचा एकेक स्वतंत्र समूह करून पळवाट काढता येते, असेही सुचवले जाते. तसे केल्यावर डिस्क वेगळ्या दिसतात खऱ्या, पण त्यांचे आरोग्य-तपशील वाचायला वेगळी खटपट करावी लागते, डिस्क बदलताना आधी कार्डाच्या मेनूत जावे लागते, आणि कार्डाची खासगी मांडणी मध्ये राहतेच. ही पळवाट टाळावी.

वेगाचे गणित

पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमध्ये एक, दोन, चार, आठ किंवा सोळा मार्गिका, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या वाटा, असतात. दुसऱ्या पिढीत एका मार्गिकेतून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ५०० मेगाबाइट जातात, प्रत्यक्षात ४०० च्या आसपास. तिसऱ्या पिढीत हा आकडा सुमारे ९८५ आहे. आजची एक फिरती हार्ड डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटहून अधिक देऊ शकते आणि साटा एसएसडी सुमारे ५५०.

यावर हमखास येणारा प्रश्न असा की कार्यालयातले नेटवर्क तर एक गिगाबिटचे, त्यातून सेकंदाला जेमतेम ११० मेगाबाइट जातात, मग कार्डाच्या वेगाची फिकीर कशाला? फाइल उघडण्याच्या रोजच्या कामापुरते हे खरे आहे. खरी कसोटी डिस्क खराब झाल्यावर लागते. नवी डिस्क लावली की उरलेल्या सगळ्या डिस्कांवरची माहिती एकाच वेळी वाचली जाते, आणि हे सारे काम नेटवर्कवरून न होता कार्डातून होते. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटने भरायला सुमारे ११ तास लागतात. चार डिस्क दुसऱ्या पिढीच्या एकाच मार्गिकेच्या कार्डावर असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम १०० मेगाबाइट येतात आणि तेच काम २२ तासांवर जाते. समूह पांगळा असताना, म्हणजे आणखी एखादी डिस्क गेली तर सगळे जाईल अशा अवस्थेत, हे जादाचे अकरा तास काढायचे असतात.

याच हिशेबाने एएसएम ११६६ किंवा जेएमबी ५८५ ठीक ठरतात, कारण त्यांना तिसऱ्या पिढीच्या दोन मार्गिका मिळतात. सहा डिस्कांत वाटल्या तरी प्रत्येकीला ३०० हून अधिक मेगाबाइट उरतात. सहा एसएसडींना मात्र ते अपुरे पडतील. एलएसआयच्या ९२११-८आय या एसएएस २००८ चिप असलेल्या कार्डाला दुसऱ्या पिढीच्या आठ मार्गिका आहेत आणि आठ फिरत्या डिस्कांना त्या सढळ हाताने पुरतात. फक्त मदरबोर्डवरचा स्लॉट तपासून घ्यावा, कारण लांबीला सोळा मार्गिकांचा दिसणारा स्लॉट आतून चारच मार्गिकांचा असणे सर्रास आढळते. मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत ते लिहिलेले असते.

दहा-वीस पोर्टांची स्वस्त कार्डे

ऑनलाइन बाजारात दहा, सोळा किंवा वीस साटा पोर्टांची कार्डे आकर्षक किमतीत दिसतात. एएसएम १०६४ चार पोर्ट देते, जेएमबी ५८५ पाच आणि एएसएम ११६६ सहा. मग कार्डावर यांपैकी एकच चिप आणि पोर्ट मात्र दहा असतील, तर उरलेली पोर्ट कुठून आली? बहुतेकदा त्यावर जेएमबी ५७५ सारखी पोर्ट मल्टिप्लायर चिप बसवलेली असते आणि ती एका पोर्टाची पाच करते. वेग वाटला जातो हा त्यातला लहान दोष. मोठा दोष असा की पाचांपैकी एका डिस्कने त्रास द्यायला सुरुवात केली की कंट्रोलर तो दुवा पुन्हा सुरू करतो आणि त्या दुव्यावरच्या बाकीच्या निरोगी डिस्कही त्या काळापुरत्या नाहीशा होतात. एका डिस्कच्या बिघाडासाठी आपण ज्या समूहाला सज्ज केले, त्याला एकदम पाच डिस्क गेल्याचे दिसते. अशी कार्डे घेऊ नयेत.

मार्व्हेलच्या काही जुन्या चिपांबाबतही सावध राहावे, विशेषतः ज्यांना प्रॉक्समॉक्ससारखी आभासी संगणक चालवणारी प्रणाली वापरायची आहे त्यांनी. ८८एसई९१२८ सारख्या चिपा मेमरीकडे मागणी करताना स्वतःची ओळख चुकीची देतात, त्यामुळे मेमरीचे संरक्षण करणारी आयओएमएमयू ही सोय चालू असताना ती मागणी नाकारली जाते आणि डिस्क दिसत नाहीत. लिनक्सने अनेक मॉडेलांसाठी यावर तोड काढली आहे, पण नवी खरेदी करताना हा त्रास विकत घेण्याचे कारण नाही.

जुने सर्व्हर कार्ड घेणे कितपत शहाणपणाचे?

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर मोठ्या संख्येने आहेत. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर निवृत्त होतात, त्यांतले सुटे भाग वापरलेल्या मालाच्या बाजारात येतात, आणि एलएसआयचे एचबीए आपल्यासारख्यांना परवडतात ते त्यामुळेच. एलएसआय २०१४ साली अव्हॅगोकडे गेली आणि अव्हॅगोने २०१६ साली ब्रॉडकॉम विकत घेऊन तेच नाव धारण केले. त्यामुळे कार्डावर या तिघांपैकी कोणतेही नाव असू शकते. आयबीएमचे एम १०१५ आणि डेलचे एच २०० व एच ३१० या कार्डांवरही तीच एसएएस २००८ चिप आहे.

इथे एक शब्द समजून घ्यावा लागतो. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत कायम राहणारा प्रोग्रॅम. या चिपेवर तो दोन प्रकारचा मिळतो. आयआर प्रकारात कार्ड स्वतः रेड करू शकते, आणि आयटी प्रकारात ते निव्वळ एचबीए म्हणून वागते. आपल्याला आयटी हवे. आयबीएम व डेलची कार्डे त्यांच्या स्वतःच्या फर्मवेअरसह येतात आणि ते बदलावे लागते. हे काम जमण्यासारखे आहे, पण जुने फर्मवेअर पुसल्यावर आणि नवे लिहिण्याआधी वीज गेली तर कार्ड निकामी होण्याची भीती असते. पावसाळ्यात तर यूपीएसशिवाय या कामाला हातच लावू नये. ज्याला हे करायचे नाही त्याने आयटी फर्मवेअर आधीच घातलेले कार्ड मागावे आणि एसएएस २००८ साठी त्याची आवृत्ती २०.००.०७.०० असल्याची खात्री करावी.

आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. एसएएस १०६८ई ही आधीच्या पिढीतली चिप २ टेराबाइटच्या पुढची डिस्क पूर्ण ओळखत नाही, म्हणून ती फुकट मिळाली तरी नको. ९२११-८आय चे उत्पादन केव्हाच थांबलेले असल्याने 'सीलबंद, कोरे' म्हणून विकले जाणारे कार्ड नक्कल असण्याची शक्यता गृहीत धरावी. सर्व्हरमधून काढलेले, थोडी धूळ बसलेले कार्ड त्यापेक्षा अधिक विश्वासाचे. आणि या कार्डांची केबल घेताना दिशा पाहावी. कार्डावरच्या मिनी-सॅस खोबणीतून चार साटा डिस्कांकडे जाणारी केबल 'फॉरवर्ड' प्रकारची लागते. दिसायला तंतोतंत तशीच असणारी 'रिव्हर्स' केबल लावली तर एकही डिस्क दिसत नाही, आणि दोष मात्र बिचाऱ्या कार्डाला दिला जातो.

उष्णतेचा प्रश्नही गंभीर आहे. ही कार्डे सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असतात. मे महिन्यात ठाण्यातल्या बंद केबिनमध्ये, टेबलाखालच्या डेस्कटॉपमध्ये, त्यांचा धातूचा ठोकळा हात लावता येणार नाही इतका तापतो, आणि तापलेले कार्ड डिस्क सोडू लागते. कार्डावर थेट वारा येईल असा एक लहान पंखा बसवणे हा खर्च टाळू नये.

मदरबोर्डची 'रेड' सोय

कार्ड न घेता बायोसमधला, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या मेनूतला, रेड पर्याय चालू करावा, असे काहींना वाटते. तो पर्याय प्रामुख्याने विंडोजच्या ड्रायव्हरच्या जोरावर चालतो. इंटेलच्या काही लॅपटॉपांत व डेस्कटॉपांत तो आधीपासून चालू असतो आणि त्यामुळे लिनक्स बसवताना एनव्हीएमई (पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारी वेगवान) डिस्क दिसतच नाही. बायोसमध्ये जाऊन तो एएचसीआय करावा. त्याच डिस्कवर विंडोजही ठेवायचे असेल तर आधी माहितीची प्रत काढावी, कारण हा बदल तयारीविना केल्यास विंडोज सुरू होणे थांबू शकते.

माहिती टाकण्याआधीची चाचणी

कार्ड बसले, डिस्क दिसल्या, की लगेच लग्नाचे फोटो किंवा ग्राहकांची विवरणपत्रे त्यावर टाकू नयेत. आधी स्मार्टसीटीएल या आज्ञेने प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक वाचून तो डिस्कच्या दर्शनी बाजूवर चिकटवून ठेवावा, म्हणजे पुढे नेमकी कोणती डिस्क काढायची याचा गोंधळ होत नाही. मग प्रत्येक डिस्कची दीर्घ चाचणी लावावी. तिच्या अहवालात क्रमांक ५ व १९७ च्या नोंदी डिस्कच्या पृष्ठभागाची स्थिती सांगतात, तर १९९ ही नोंद डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या देवाणघेवाणीतल्या चुका मोजते. १९९ चा आकडा वाढत असेल तर डिस्क बदलण्याआधी केबल बदलावी.

यानंतर निरुपयोगी फाइलींनी समूह निम्मा भरावा आणि झेडएफएसची स्क्रब ही पूर्ण पडताळणी चालवावी. ती चालू असताना सगळ्या डिस्क एकाच वेळी राबतात, त्यामुळे कार्ड, केबल, वीजपुरवठा आणि उष्णता या चौघांची परीक्षा एकदमच होते. ती संपल्यावर डीमेसेज या आज्ञेने कर्नलच्या नोंदी पाहाव्यात आणि त्यांत दुवा पुन्हा सुरू केल्याच्या, म्हणजे 'लिंक रीसेट'च्या, ओळी आहेत का ते शोधावे. अशा ओळी आढळल्या तर क्रमाने केबल, स्लॉट आणि पंखा बदलून स्क्रब पुन्हा चालवावी, आणि तरीही त्या येत राहिल्या तर परताव्याची मुदत संपण्याआधी कार्ड दुकानात परत करावे.